पेजेतली गोळी

सात महिने मी फक्त साल असलेलं खाल्लं. केळी, संत्री, भुईमुगाच्या शेंगा, मोसम होता तोवर सीताफळं आणि उकडलेली अंडी. अंडं मी स्वतः उकडायचो, स्वतः सोलायचो. बिस्किटांचा पुडा घेताना दोन्ही तोंडं चिकटलेली आहेत का ते उजेडात धरून पाहायचो. दुकानदार म्हणायचा, "अबे, बिस्कुट आहे ते, सोनं नाई." बाकीचे हसायचे. हसू देत. सात महिने या खाण्यावर राहून दाखवा म्हणावं.

कारण एकच होतं. मायच्या हातचं खाल्लं तर मी मरणार, अशी माझी खात्री होती. ती खात्री कशी झाली आणि कशी गेली, एवढंच मला सांगायचं आहे. आजाराबद्दल बाकीचं डॉक्टर सांगतील, ते त्यांचं काम आहे.

आम्ही ढिवर. गाव वैनगंगेपासून फार लांब नाही, पण आमचं पोट नदीवर नाही, गावामागच्या तलावावर. बाबा मच्छीमार सोसायटीत. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की सगळे मिळून मोठं जाळं ओढतात, त्यात एका बाजूच्या दोराचं टोक बाबांकडे असायचं. माय घर पाहायची आणि धानाचा रोवणा आला की दुसऱ्यांच्या बांधीत रोपं लावायला जायची. मी एकटाच पोरगा. बारावी झालो आणि गडचांदूरकडे ट्रकच्या वजनकाट्यावर कामाला लागलो. ट्रक काट्यावर चढायचा, मी बटण दाबायचो, चिठ्ठी निघायची, ट्रक उतरायचा. काम वाईट नव्हतं. पंखा होता.

आवाज तिथंच सुरू झाले. पहिल्यांदा वाटलं, कोणी ड्रायव्हर खिडकीखाली उभा राहून बोलतो आहे. खाली पाहिलं तर कोणी नाही. एक पुरुषाचा आवाज होता, आमच्याच बोलीतला. तो मी जे करीन ते सांगायचा. "आता तो उठला. आता तो पानी पिऊन राह्यला. आता त्यानं बटन दाबलं." बस, एवढंच. दिवसभर. दुसरा बाईचा, हिंदीत, ती फारसं बोलायची नाही, हसायची. लोक विचारतात, भीती वाटायची का? भीती नंतरची. आधी तर नुसती चीड यायची. तुमच्या मागे कोणी दिवसभर तुमचंच वर्णन करत फिरलं तर तुम्हीही चिडाल. मी ओरडून उत्तरं द्यायला लागलो. मग काट्यावाल्यांनी घरी फोन केला आणि बाबा येऊन मला एस.टी.नं घेऊन गेले.

गावात म्हणाले, बाहेरचं लागलं. एका बुवानं लिंबं कापली, दुसऱ्यानं कोंबडं मागितलं. कोंबडं फुकट गेलं. त्यानंतर बाबांनी मला जिल्ह्याच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी नीट ऐकून घेतलं, आजाराचं नाव सांगितलं, स्किझोफ्रेनिया, आणि गोळ्या लिहून दिल्या. बाबांना ते नाव काही बोलता आलं नाही. ते अजून 'तो फ्रेनिया' म्हणतात, पाहुणा आल्यासारखं.

मी गोळ्या घ्यायला तयार नव्हतो. पहिल्याच दिवशी आवाज म्हणाला, "घेऊ नोको. मरशीन." मी घेतली नाही. बाबांनी समजावलं, रागावले, एकदा हातही उचलला. मी दात घट्ट धरून बसलो. माय काही बोलली नाही. ती गप्प राहिली तेव्हाच मला संशय यायला पाहिजे होता, कारण माझी माय गप्प राहणारी बाई नाही.

झालं असं होतं, आणि हे मला फार पुढे कळलं. दवाखान्याच्या लाईनीत मायच्या पुढे एक बाई उभी होती, तिचाही पोरगा असाच. मायनं तिच्यापाशी रडगाणं गायलं. ती म्हणाली, "कायले डोकं लावता? आम्ही वरनातच टाकतो. पोट्ट्याले पत्ता बी नाई." ज्याचं जळतं त्याला कळतं. मायला ते पटलं. फक्त तिनं वरणाऐवजी पेज निवडली. आमच्याकडे तांदळाची पातळ पेज दोन्ही वेळेला लागते, आणि माय म्हणे, पेजेत काहीही विरघळते.

नाही विरघळत. वाटीच्या बुडाशी बारीक रवाळ काहीतरी लागायचं आणि जिभेवर कडू चव राहायची. तीन दिवस मी काही बोललो नाही. चौथ्या दिवशी चुलीपाशी डोकावलो तर माय वाटीत बेलण्याच्या बुडानं काहीतरी घोटत होती. मला पाहून तिनं वाटी पदराखाली घेतली. कानाशी आवाज म्हणाला, "माय टाकून राह्यली. पाह्य. पेजेत टाकून राह्यली."

आता यात गंमत अशी की आवाज खरं बोलत होता. माझ्या सगळ्या आजारात त्यानं खरं सांगितलेली ती एकच गोष्ट, आणि तीच आम्हाला सगळ्यात महाग पडली.

मी पेजेचं भांडं उचलून आंगणात फेकलं. माय किंचाळली, बाबा धावत आले. सांडलेली शितं कोंबडीनं टिपली आणि ती भर दुपारी पेंगत खुराड्याच्या दाराशी बसली. मान खाली टाकून, डोळे मिटून. मी तिच्यासमोर बसून राहिलो. संध्याकाळी ती उठली, पण तेवढ्या वेळात माझ्या मनात निकाल लागला होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताक फुंकून पितो. मी ताक, दूध, वरण, भात, सगळंच सोडलं.

तेव्हापासून सालीचं खाणं. माय मात्र रोज माझं ताट वाढायची. दोन्ही वेळेला. झाकून ठेवायची आणि मी हात लावला नाही की गायीपुढे ओतायची. एकदाही तिनं वाढायचं चुकवलं नाही आणि एकदाही मी झाकण उचललं नाही. माझ्या बरगड्या दिसायला लागल्या. जिल्ह्याचे डॉक्टर बाबांना म्हणाले, हा असाच राहिला तर नागपूरच्या मनोरुग्णालयात भरती करावं लागेल. मायनं ते ऐकलं आणि हबकली. तिच्या ऐकण्यात असं होतं की तिथं गेलेले लोक वापस येत नाहीत. "माह्या हातचं खाईन तर राहीन इथी, नाई तर गेला," ती शेजारणीला म्हणाली. मी दाराआडून ऐकलं. मला तिची दया वगैरे आली नाही. मला वाटलं, बाई नाटक करून राह्यली.

तालुक्याच्या दवाखान्यात दर मंगळवारी एक समुपदेशक मॅडम यायच्या. नागपूरच्या आधी तिथं एकदा जाऊन पाहा, असं डॉक्टरांनीच सांगितलं. पन्नाशीच्या बाई, जाड चष्मा, सुती साडी. टेबलावर कागदात भुईमुगाच्या शेंगा होत्या आणि त्या एकेक फोडून खात होत्या. मी दारातून पाहिलं आणि मला त्या बऱ्या वाटल्या. साल असलेलं खाणारी दुसरी व्यक्ती मला प्रथमच भेटत होती.

प्रत्येकानं मला आधी विचारलं होतं, काय ऐकू येतं. यांनी विचारलं, "काय खाता?"

मी यादी सांगितली. त्यांनी ती लिहून घेतली. अंडं कोण उकडतं, हेही विचारलं. मग म्हणाल्या, "पोटाची सोय तुम्ही बरीच विचार करून लावली आहे. आईच्या हातचं काय वाटतं?"

"विष टाकते."

"कशात?"

"पेजेत."

त्या हसल्या नाहीत, समजूत घातली नाही, 'आई कधी असं करेल का' असंही म्हणाल्या नाहीत. ते वाक्य मी सात महिन्यांत इतक्यांदा ऐकलं होतं की आणखी एकदा ऐकलं असतं तर उठून गेलो असतो. त्यांनी मला बाहेर बसवलं आणि मायला आत घेतलं. दार लागलं. बऱ्याच वेळानं आतून मायचं रडणं ऐकू आलं. मग त्यांनी मला आणि बाबांना, दोघांनाही आत बोलावलं.

"आई, तुम्ही सांगता की मी सांगू?" मॅडमनी विचारलं. मायनं तोंडात पदर कोंबला होता.

"मग मी सांगते," त्या माझ्याकडे वळून म्हणाल्या. "तुमच्या पेजेत गोळी होती. विष नव्हतं, औषध होतं. पण होती. तुम्हाला न सांगता टाकलेली होती. तुम्हाला कडू लागलं ते खरंच कडू होतं."

मी मायकडे पाहिलं. तिनं मान हलवली. मला जोराचा राग आला. आणि त्याच वेळी, कसं सांगू, सात महिने खांद्यावर घेतलेलं पोतं कोणी खाली उतरवावं तसं झालं. सगळं काही माझ्या डोक्यातलं नव्हतं. कोणीतरी ते मला सांगितलं. मी त्या खोलीत हुंदके देऊन रडलो. बाबा भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

मॅडमनी शेंगा पुढे केल्या. सगळ्यांनी घेतल्या, मायनंसुद्धा. फोडण्याचा आवाज तेवढा येत होता.

मग त्या बाबांना म्हणाल्या, "तुमच्या गावात एकमेकांवर भरवसा नसला, आणि काही वाटून घ्यायचं असलं, तर काय करता?"

बाबा लगेच म्हणाले, "मासळीचे वाटे."

मॅडमना ते माहीत नव्हतं. बाबांनी टेबलावरच दाखवलं. मोठं जाळं ओढून झालं की विक्रीचं बाजूला काढायचं आणि उरलेल्याचे घरागणिक वाटे पळसाच्या पानावर लावायचे. कितीही नीट लावले तरी कोणाच्या वाट्यात रोहूचं मुंडकं येतं, कोणाच्या वाट्यात नुसते काटे. भांडणं नको, म्हणून एकाला पाठमोरं उभं करायचं. दुसरा काडीनं एका वाट्याकडे दाखवतो आणि विचारतो, 'कोनाचा?' पाठमोरा माणूस न पाहता कोणत्यातरी घराचं नाव घेतो. घेतलं की झालं. बदल नाही, कुरकुर नाही. बाबांनी शेंगांचे चार वाटे लावले, मला भिंतीवरच्या कॅलेंडरकडे तोंड करून उभं केलं आणि विचारलं, "कोनाचा?" मी म्हणालो, "मॅडमचा." मॅडमनी तो वाटा खरंच उचलून घेतला.

"असं ताटांचं करता येईल?" त्यांनी विचारलं.

ठरलं ते असं. माय तीन ताटं वाढणार. बाबा बोट दाखवणार. मी भिंतीकडे तोंड करून नावं घेणार. जेवणात गोळी नाही म्हणजे नाही. गोळी कोनाड्यात उघड्यावर राहील, घ्यायची की नाही ते माझं मी ठरवीन, आणि दर मंगळवारी मॅडमना काय ठरवलं ते सांगीन. मॅडमनी डॉक्टरांना फोन करून त्यांच्याशीही हे बोलून घेतलं.

मायला हे फार लागलं. एस.टी.त ती म्हणाली, "पोटच्या पोराले मायच्या हातचं ताट पाठमोरं होऊन मांगा लागते का?"

"मासळीले चालते तर पोराले काऊन नाई चालनार?" बाबा म्हणाले.

त्या संध्याकाळी मी भिंतीकडे तोंड करून उभा राहिलो. मागून बाबांनी विचारलं, "कोनाचं?" मी म्हणालो, "मायचं." "हे कोनाचं?" "माहं." वळलो, बसलो आणि भाताचा घास तोंडात घातला. आवाज म्हणाला, "तो खाऊन राह्यला. तो खाऊन राह्यला." हो बाबा, खाऊन राह्यलो, मग? त्या दिवसाचा भात मला आठवतो. लाखोळीच्या डाळीचं वरण होतं आणि मीठ जास्त झालं होतं.

चौदा दिवस हे चाललं. माझ्या अंगावर थोडं मांस चढलं. पण कोनाड्यातल्या गोळीला मी हात लावला नाही. मी मॅडमना तसं सांगितलं, त्यांनी एवढंच विचारलं की कशाची भीती वाटते, आणि मी जे सांगितलं ते लिहून घेतलं. माय मात्र तो कोनाडा पाहत बसायची. मी आवाजांना उत्तरं देताना तिला दिसायचो. नागपूरचं नाव कोणी काढत नव्हतं, पण ते घरात होतंच.

पंधराव्या दिवशी मला जाग आली तेव्हा ऊन दारातून चुलीपर्यंत आलं होतं. जीभ जड, डोकं जड. त्या दिवशी तलावावर मोठं जाळं होतं. बाबा पहाटेच जायला पाहिजे होते, आणि ते खाटेवर तोंड उघडं टाकून घोरत होते. हातात झाडू तसाच धरून माय भिंतीला टेकून झोपली होती. बाहेरून सोसायटीतले दोघं हाका मारत होते, "अगा भाऊ! जाळं का आमच्या बायका ओढतीन?" बाबा उठले, पडले, पुन्हा उठले आणि लुंगी सावरत गेले. त्या दिवशी त्यांच्या हातून दोर सुटला आणि निम्मी मासळी खालून निघून गेली. गावानं पुढचे कित्येक दिवस त्यांना मोहाच्या दारूवरून चिडवलं. बाबांनी कधी दारूला हात लावला नव्हता.

मी आदल्या रात्रीच्या पेजेचं भांडं पाहिलं; तिच्यात ताक होतं म्हणून कडू कळलं नव्हतं. बुडाशी रवाळ पांढरं होतं. कोनाड्यातली गोळ्यांची पट्टी उचलली. तीन घरं फुटलेली होती.

आवाजाला तर उधाण आलं. "सांगतलं होतं. सांगतलं होतं." बाईसुद्धा हसत होती. पण दोघंही जरा लांब होते, शेजारच्या गल्लीतून बोलल्यासारखे. ते माझ्या तेव्हाच लक्षात आलं आणि मी ते ध्यानात ठेवलं.

मंगळवारच होता. मी कोणाला न सांगता एस.टी.त बसलो आणि एकटाच तालुक्याला गेलो. पट्टी मॅडमसमोर टाकली. "हा तुमचा नियम," मी म्हणालो. अजून बरंच काही बोललो, ते लिहिण्यासारखं नाही.

त्यांनी मध्ये तोडलं नाही. माझं संपल्यावर चष्मा काढून पुसला. "चूक माझी आहे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला झेपेल का ते मी विचारलं होतं. आईला झेपेल का, ते विचारलंच नाही." मग म्हणाल्या, "तुमचा राग बरोबर आहे. पण तीन गोळ्या का, हे मला समजलं नाही. तुम्हाला समजलं का?"

मला समजलं नव्हतं. मी त्या प्रश्नासह वापस आलो.

माय ओट्यावर बसली होती. चोराच्या मनात चांदणं, तिनं मला पाहून आधीच तोंड फिरवलं. मी समोर बसलो आणि पट्टी जमिनीवर ठेवली.

"तीन काऊन टाकल्या?"

तिनं पट्टीतली फुटलेली घरं बोटानं चाचपली. मग म्हणाली, "तू पाठमोरा उभा राह्यतं. कोनतं ताट तुह्या वाट्याले येईन, मले कुठी मालूम? एकच टाकली असती अन् तुह्या बापाच्या ताटात गेली असती तर? तिघं जेवनार, म्हनून तीन टाकल्या भांड्यातच."

"आन तू? तुले मालूम होतं त्यात काय आहे. तू काऊन खाल्ली?"

तिला माझा प्रश्नच कळला नाही. खरंच कळला नाही, तिच्या चेहऱ्यावर दिसत होतं. "आता तू खाऊन राह्यला होता," ती म्हणाली. "मंग मी कशी नाई खाऊ?"

मी आवाजाची वाट पाहिली. तो यावर काय म्हणतो ते मला ऐकायचं होतं. तो काहीच म्हणाला नाही. जरा वेळानं त्यानं सांगितलं, "तो ओट्यावर बसून राह्यला." त्याच्यापाशी दुसरं काही नव्हतं.

मी पट्टीतून एक गोळी काढली आणि तिच्यासमोर पाण्यासोबत गिळली. तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग गळ्याकडे. मग चूल पेटवायला उठली.

या गोष्टीला आता वर्षं झाली. गोळी मी रोज घेतो, आवाज कधीमधी येतात, काही सांगतात, मी माझं काम करतो. सोसायटीचं जाळं मी विणतो, आणि दोराचं टोक बाबांकडून माझ्याकडे आलं आहे. मॅडम पुढची चार वर्षं दर मंगळवारी भेटल्या, मग दुसऱ्या तालुक्यात गेल्या.

पण गोळी गिळली त्याच संध्याकाळचं सांगायचं राहिलं. मायनं तीन ताटं वाढली. बाबांनी बोट वर केलं. मी भिंतीकडे न जाता खाली बसलो आणि म्हणालो, "माय, माहं दे." बाबांचं बोट तसंच राहिलं. मायनं ताट उचललं, पण पुढे सरकवलं नाही. तिनं माझ्या ताटातला एक घास कालवला, स्वतःच्या तोंडात घातला, नीट चावला, माझ्याकडे पाहत गिळला. मग ताट माझ्यापुढे ठेवलं.

ती अजून तसंच करते. कोणी सांगितलेलं नाही. आता तिला साखर आहे, भात वर्ज्य आहे, मी रागावतो, बाबा रागावतात. ती ऐकत नाही. पहिला घास ती घेते. मी हात धुऊन बसतो, तिचा घास गिळून होईपर्यंत थांबतो आणि मग जेवतो.